इमोटेट

इमोटेट हे विंडोज प्रणालीवर चालणाऱ्या संगणकांना बाधित करणारे ट्रोजन प्रकारचे मालवेअर, म्हणजेच हानिकारक आज्ञावली आहे. २०१४ मध्ये ते प्रथम उजेडात आले, तेव्हा बँक खात्यांची माहिती चोरणे एवढेच त्याचे काम होते. पुढील काही वर्षांत त्याचे स्वरूप पालटले आणि इतर गुन्हेगारी टोळ्यांचे मालवेअर संगणकात पोहोचवून देणारे वाहक म्हणून ते ओळखले जाऊ लागले. जानेवारी २०२१ मध्ये आठ देशांच्या पोलीस व न्याययंत्रणांनी संयुक्त कारवाई करून त्याचे सर्व्हर ताब्यात घेतले. त्या वेळी युरोपोलने त्याचे वर्णन जगातील सर्वांत धोकादायक मालवेअर असे केले होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा कार्यरत झाले.

इमोटेटचा प्रसार मुख्यतः ईमेलमधून होतो. संगणकातील एखाद्या तांत्रिक त्रुटीपेक्षा वापरकर्त्याचा विश्वास हेच त्याचे प्रवेशद्वार राहिले आहे. त्यामुळे ते संगणकातून काढून टाकण्याचे कामही केवळ एक फाईल पुसण्याइतके मर्यादित राहत नाही.

नाव आणि वर्गीकरण

'ट्रोजन' ही संज्ञा ट्रॉयच्या लाकडी घोड्याच्या ग्रीक कथेवरून आली आहे. नगरवासीयांनी तो घोडा भेट समजून स्वतःच वेशीच्या आत ओढून आणला आणि रात्री त्याच्या पोटातून सैनिक बाहेर पडले. संगणकशास्त्रात उपयुक्त किंवा निरुपद्रवी असल्याचे भासवून वापरकर्त्याकडूनच स्वतःला चालू करवून घेणाऱ्या आज्ञावलीला ट्रोजन म्हणतात. विषाणू दुसऱ्या फाईलला चिकटून स्वतःच्या प्रती काढतो. वर्म जाळ्यातील एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप सरकतो. ट्रोजनला मात्र कोणीतरी दार उघडावे लागते. मराठी बोलण्यात या सर्वांना सरसकट 'व्हायरस' म्हटले जाते. व्यवहारात त्याने फारसे बिघडत नसले, तरी त्यातून संसर्ग हवेतून आल्यासारखा आपोआप होतो असा समज पसरतो आणि ट्रोजनच्या बाबतीत तो दिशाभूल करणारा ठरतो.

इमोटेट या वर्गवारीत नेमके बसत नाही. पहिला प्रवेश ते ट्रोजनप्रमाणे फसवणुकीने मिळवते, परंतु एकदा कार्यालयाच्या जाळ्यात शिरले की वर्मप्रमाणे शेजारच्या संगणकांवर स्वतःहून पसरू शकते. जिओडो आणि हिओडो ही त्याची अन्य नावे आहेत. ते चालवणाऱ्या टोळीला सुरक्षा कंपन्यांनी टीए५४२, मम्मी स्पायडर अशी सांकेतिक नावे दिली आहेत.

प्रारंभीचा इतिहास

जून २०१४ मध्ये ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी इमोटेटची पहिली नोंद केली. तेव्हा त्याचे लक्ष्य जर्मनी आणि ऑस्ट्रिया येथील बँकांचे ग्राहक होते. बँकेकडून आलेले देयक किंवा व्यवहाराची सूचना असल्याचे भासवणारे ईमेल पाठवले जात. त्यातील फाईल उघडल्यावर मालवेअर संगणकात बसे आणि ब्राउझरमधून बँकेकडे जाणारी माहिती वाटेतच वाचून घेई. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ग्राहकाच्या खात्यातून परस्पर पैसे वळते करण्याची सोय होती. २०१५ च्या आरंभीच्या आवृत्तीत स्विस बँकांचा समावेश झाला.

दुसऱ्या आवृत्तीपासून इमोटेटची रचना सुट्या भागांची झाली. मूळ आज्ञावली लहान ठेवायची आणि प्रत्येक कामासाठी वेगळा भाग गरजेनुसार नियंत्रक सर्व्हरवरून मागवायचा, अशी ही पद्धत होती. या रचनेमुळे चालकांपुढे नवा धंदा खुला झाला. स्वतः बँक खाती लुटण्यापेक्षा हजारो संगणकांत मिळवलेला शिरकाव इतर टोळ्यांना विकणे त्यांना अधिक सोयीचे ठरले. २०१७ च्या सुमारास बँकिंग चोरी मागे पडली आणि इमोटेटमार्फत ट्रिकबॉट, क्यूबॉट, आइस्डआयडी यांसारखी परकी मालवेअर उतरवली जाऊ लागली.

संसर्गाची प्रक्रिया

संसर्गाची सुरुवात एका ईमेलने होते. २०१८ पर्यंत या ईमेलचा मजकूर ढोबळ असे : थकलेले बिल, पार्सलची सूचना, पगाराचा तपशील. ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस बाधित संगणकांवरील आउटलुकमधून संपूर्ण ईमेल मजकूर गोळा करणारा भाग आढळला आणि काही महिन्यांतच त्याचा हेतू स्पष्ट झाला. एप्रिल २०१९ पासून इमोटेट चोरलेल्या खऱ्या पत्रव्यवहारालाच उत्तर पाठवू लागले. विषय तोच, खाली जुना संवाद तसाच, पाठवणाऱ्याचे नाव ओळखीचे आणि वर एकच ओळ : सोबतची फाईल पाहावी. अनोळखी माणसाने पाठवलेली फाईल उघडू नये, हा वर्षानुवर्षे दिला जाणारा सल्ला या एका युक्तीने निरुपयोगी केला. येथे पाठवणारा अनोळखी भासतच नव्हता.

चालू घडामोडींचाही उपयोग केला गेला. सप्टेंबर २०१९ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांच्या आत्मचरित्राची प्रत, डिसेंबर २०१९ मध्ये ग्रेटा थनबर्ग यांच्या आंदोलनाचे निमंत्रण आणि जानेवारी २०२० च्या अखेरीस जपानमध्ये कोरोना विषाणूविषयीची आरोग्य सूचना, अशी आमिषे नोंदवली गेली आहेत. जपानमधील ईमेल साथ युरोपात पसरण्याच्या कितीतरी आधीचे होते.

ईमेलसोबत बहुधा वर्डची फाईल किंवा तिच्याकडे नेणारा दुवा असे. इंटरनेटवरून आलेली अशी फाईल वर्ड संरक्षित अवस्थेत उघडतो आणि तिच्यातील मॅक्रो, म्हणजे दस्तऐवजात दडवलेल्या आज्ञा, चालू देत नाही. हा अडथळा इमोटेट तोडत नसे. ते वापरकर्त्यालाच तो बाजूला करायला सांगे. फाईलमध्ये खऱ्या मजकुराऐवजी एक चित्र असे. हा दस्तऐवज जुन्या आवृत्तीत किंवा आयफोनवर तयार केलेला असून तो पाहण्यासाठी आधी 'एनेबल एडिटिंग' व नंतर 'एनेबल कंटेंट' ही बटणे दाबावीत, अशी सूचना त्यावर मायक्रोसॉफ्टच्या शैलीत छापलेली असे. दुसरे बटण दाबणे म्हणजे मॅक्रोला परवानगी देणे होय. ती दिल्यावर पडद्यावर काहीच घडत नसे. फाईल बिघडलेली असावी असे समजून वापरकर्ता ती बंद करी आणि कामाला लागे.

पडद्यामागे मात्र मॅक्रो विंडोजमधील पॉवरशेल हे साधन सुरू करी. पॉवरशेल हे व्यवस्थापकांच्या रोजच्या वापरातले अधिकृत साधन असल्याने त्याच्या हालचालीवर सहसा संशय येत नाही. त्याला दिलेल्या सांकेतिक आदेशात साधारणपणे पाच ते सात संकेतस्थळांचे पत्ते असत. एकावर फाईल मिळाली नाही तर पुढचे, या क्रमाने इमोटेटची मुख्य फाईल उतरवली जाई. ही संकेतस्थळे बहुतांशी निरपराध लोकांची होती. वर्डप्रेसची जुनी आवृत्ती चालवणारी दुकाने, शाळा व लहान व्यावसायिक यांच्या संकेतस्थळांत शिरून तेथे या फाईली ठेवलेल्या असत.

उतरलेली फाईल वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये निरुपद्रवी वाटेल अशा नावाने बसे. संगणक पुन्हा सुरू झाल्यावरही आपण चालू राहावे म्हणून ती विंडोजच्या रजिस्ट्रीतील 'रन' या कळीत स्वतःची नोंद करी. बाधित खात्याला प्रशासकाचे अधिकार असतील तर ती प्रणालीच्या फोल्डरमध्ये जाऊन विंडोजची सेवा म्हणून नोंदली जाई. त्यानंतर ती नियंत्रक सर्व्हरशी संपर्क साधून संगणकाचे नाव व चालू आज्ञावल्यांची यादी कळवी आणि पुढील भाग मागवी. हे भाग डिस्कवर न लिहिता थेट स्मृतीत चालवले जात. तसेच मुख्य फाईलचे बाह्य रूप वारंवार बदलले जाई. त्यामुळे ठरावीक खुणांवरून ओळख पटवणारे अँटिव्हायरस तिच्या मागेच राहत.

जाळ्यातील प्रसार

अमेरिकेच्या संगणक आणीबाणी प्रतिसाद पथकाने जुलै २०१८ मध्ये प्रसृत केलेल्या इशाऱ्यात इमोटेटच्या पसरण्याच्या साधनांचे तपशील दिले आहेत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, ईमेल खात्यांचे पासवर्ड आणि जाळ्यातील सामायिक फोल्डरांचे पासवर्ड गोळा करण्यासाठी त्यात वेगवेगळे भाग होते. यांतील काही भाग म्हणजे विसरलेले पासवर्ड परत मिळवण्यासाठी इंटरनेटवर मोफत उपलब्ध असलेली सर्वसामान्य साधनेच होती. आणखी एक भाग नेहमी वापरल्या जाणाऱ्या सोप्या पासवर्डांची यादी घेऊन जाळ्यातील प्रत्येक संगणकावर प्रवेशाचा प्रयत्न करी. कार्यालयातील सर्व संगणकांवर प्रशासकाचा पासवर्ड एकच ठेवण्याची सोयीस्कर सवय येथे महागात पडे.

फेब्रुवारी २०२० मध्ये बायनरी डिफेन्स या कंपनीने बाधित संगणकाच्या वायफायमधून जवळपासची इतर वायफाय जाळी शोधून त्यांचे पासवर्ड ताडून पाहणारा भाग उजेडात आणला. म्हणजे एका कार्यालयातील चूक भिंतीपलीकडच्या कार्यालयालाही भोवू शकत होती.

परिणाम

इमोटेटमुळे थेट होणारे नुकसान तुलनेने कमी असे. खरा घाव त्याच्या पाठोपाठ येणाऱ्यांचा होता. २०१८ पासून एक साखळी वारंवार दिसू लागली : इमोटेट दार उघडी, ट्रिकबॉट संपूर्ण जाळ्याची टेहळणी करी आणि संस्था पैसे देण्याच्या ऐपतीची आहे असे दिसल्यास र्‍यूक हे खंडणीचे मालवेअर सर्व फाईली कुलूपबंद करी. पहिल्या ईमेलपासून कुलूप लागेपर्यंत कित्येक दिवस किंवा आठवडे जात. या मधल्या काळात संस्थेला काहीच जाणवत नसे, आणि हानी टाळण्याची संधीही याच काळात असे.

फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या अ‍ॅलनटाउन शहराच्या प्रशासनात इमोटेट शिरले. वित्त विभागाचे व्यवहार थांबवावे लागले आणि सफाईचा खर्च सुमारे १० लाख डॉलरपर्यंत गेला. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी इशाऱ्यातही एका घटनेच्या निवारणाचा खर्च १० लाख डॉलरपर्यंत जाऊ शकतो, असे नमूद आहे.

मे २०१९ मध्ये जर्मनीतील हाइझ या प्रकाशनगृहाचे जाळे बाधित झाले. ही संस्था संगणकविषयक नियतकालिके काढते आणि संगणक सुरक्षेवर वर्षानुवर्षे लिहीत आली आहे. तेथील एका कर्मचाऱ्याने चालू व्यवहाराचा संदर्भ असलेल्या ईमेलमधील फाईल उघडली होती. संस्थेने घटनेचा संपूर्ण तपशील आपल्या वाचकांसमोर मांडला. इमोटेटविषयीच्या माहितीत त्या लेखनाचे मोल मोठे आहे, कारण बहुतेक संस्था अशा घटना दडवणेच पसंत करतात.

सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस बर्लिनच्या कामरगेरिख्ट या वरिष्ठ न्यायालयाचे संगणक इंटरनेटपासून तोडावे लागले. जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञ अहवालानुसार हल्लेखोरांना न्यायालयाची सर्व माहिती बाहेर नेणे शक्य होते. अहवालाने संपूर्ण संगणक व्यवस्था नव्याने उभारण्याची शिफारस केली. त्याच डिसेंबरमध्ये फ्रँकफुर्ट शहराच्या प्रशासनाने मात्र संसर्ग लक्षात येताच स्वतःहून जाळे बंद केले आणि लवकरच सेवा पूर्ववत केल्या. या दोन घटनांतील फरक मुख्यतः वेळेचा आहे.

बाधित संगणकावरील निर्मूलन

इमोटेट फक्त विंडोजवर चालते. मोबाईल किंवा मॅकवर तोच ईमेल वाचल्याने त्याचा संसर्ग होत नाही. विंडोज संगणकावरही केवळ ईमेल उघडल्याने काही घडत नाही. फाईल उघडून मॅक्रोला परवानगी दिली असेल तर पुढील उपाययोजना आवश्यक ठरते.

पहिली कृती संगणक जाळ्यापासून तोडण्याची असते. केबल काढावी व वायफाय बंद करावे, म्हणजे नवे भाग येणे, माहिती बाहेर जाणे आणि शेजारी पसरणे ही तिन्ही कामे थांबतात. यानंतर अनेकदा एक गंभीर चूक होते. कार्यालयातील तंत्रज्ञ तपासणीसाठी त्याच संगणकावर संपूर्ण जाळ्याच्या प्रशासक खात्याने प्रवेश करतो आणि त्या खात्याचा पासवर्डही ट्रोजनच्या हाती देतो. तपासणी त्या संगणकापुरत्याच मर्यादित असलेल्या खात्याने करावी, अशी सूचना अमेरिकी इशाऱ्यातही आहे.

तपासणीसाठी चालू विंडोजवर विसंबणे अपुरे आहे, कारण मालवेअर आधीच सुरू झालेले असते. विंडोज सुरू होण्यापूर्वी तपासणी करणारी साधने अधिक विश्वसनीय असतात. विंडोज १० व ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचा ऑफलाइन तपासणीचा पर्याय अंगभूत आहे. तो निवडल्यावर संगणक पुन्हा सुरू होऊन मूळ प्रणाली चालू होण्याआधी डिस्क तपासली जाते. अन्य कंपन्यांची पेनड्राइव्हवरून चालणारी साधनेही मिळतात, परंतु ती दुसऱ्या निर्दोष संगणकावर आणि निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावीत. ट्रोजन काढून देण्याचा दावा करणारी कित्येक मोफत साधने स्वतःच ट्रोजन असतात. घाबरलेला वापरकर्ता हे त्यांचे हमखास गिऱ्हाईक असते.

इमोटेटसाठी जपानच्या संगणक आणीबाणी प्रतिसाद केंद्राने फेब्रुवारी २०२० मध्ये इमोचेक हे लहानसे साधन प्रसिद्ध केले. त्याची युक्ती पाहण्यासारखी आहे. त्या काळातील इमोटेट आपल्या फाईलचे नाव एका ठरावीक शब्दसूचीतून निवडत असे आणि कोणते शब्द निवडायचे हे सी ड्राइव्हच्या अनुक्रमांकावरून ठरत असे. इमोचेक हाच हिशेब करून त्या विशिष्ट संगणकावर इमोटेटचे नाव काय असेल ते काढी आणि त्या नावाची आज्ञावली चालू आहे का ते पाही. आढळल्यास तिचा पत्ता दाखवला जाई. मग टास्क मॅनेजरमधून ती बंद करून फाईल पुसायची. इमोटेटच्या चालकांनी नाव ठरवण्याची पद्धत बदलली तसतसे या साधनालाही बदलावे लागले.

फाईल पुसल्यानंतर रजिस्ट्रीतील 'रन' कळ, विंडोज सेवांची यादी आणि नियोजित कामांची यादी तपासावी लागते. यांपैकी एकही नोंद राहिली आणि तिने दर्शवलेली प्रत कुठे शिल्लक असली, तर संगणक पुन्हा सुरू होताच मालवेअर परत उभे राहते.

एवढे करूनही जर्मनीचे संघीय माहिती सुरक्षा कार्यालय बाधित संगणक पूर्णतः असुरक्षित मानून त्यावर प्रणाली नव्याने बसवण्याचा सल्ला देते. हा सल्ला अतिरेकी वाटू शकतो, पण त्यामागचे कारण ठोस आहे. अँटिव्हायरसला सापडलेले इमोटेट म्हणजे उघडलेल्या दाराचा पुरावा. त्या दारातून दरम्यानच्या काळात कोण कोण आत आले याची यादी कोणाकडेच नसते. डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवणे आणि संसर्गापूर्वीच्या राखीव प्रतीवरून कागदपत्रे परत आणणे, हाच खात्रीचा मार्ग राहतो. संसर्गानंतर घेतलेली राखीव प्रत वापरायची असल्यास तिच्यातील चालू होऊ शकणाऱ्या फाईली वगळून केवळ दस्तऐवज व छायाचित्रे घ्यावीत आणि तीही तपासून घ्यावीत. कार्यालयात अनेक संगणक बाधित असतील तर ते एकेक करून स्वच्छ करण्यात अर्थ नसतो. स्वच्छ झालेला संगणक जाळ्यात परतताच उरलेल्यांकडून पुन्हा बाधित होतो.

यानंतरचे काम संगणकाबाहेरचे असून तेच सर्वाधिक विसरले जाते. चोरलेले पासवर्ड प्रणाली नव्याने बसवल्याने परत येत नाहीत. ब्राउझरमध्ये साठवलेला, बाधित काळात टाइप केलेला आणि ईमेलचा, असा प्रत्येक पासवर्ड दुसऱ्या निर्दोष साधनावरून बदलावा लागतो. बाधित संगणकावरच तो बदलल्यास नवा पासवर्डही चोरांना मिळतो. ईमेलचा पासवर्ड सर्वप्रथम बदलावा, कारण इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे तिथेच येतात. बँकेला कळवावे. आपल्या नावाने फसवे ईमेल येऊ शकतात हे संपर्कातील लोकांनाही सांगावे. चोरलेला पत्रव्यवहार इमोटेटकडे राहत असल्याने त्यातील जुन्या संवादाला उत्तर म्हणून बनावट ईमेल कित्येक महिन्यांनीही येऊ शकतो. तो पाहून संगणक अजून बाधित आहे असा निष्कर्ष काढणे मात्र बरोबर नाही.

भारतात अशा घटनांसाठी सर्ट-इन ही राष्ट्रीय यंत्रणा आहे. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार मालवेअर हल्ल्यासह ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवणे संस्थांवर बंधनकारक आहे. सर्ट-इनतर्फे फेब्रुवारी २०१७ पासून चालवल्या जाणाऱ्या सायबर स्वच्छता केंद्रात सामान्य वापरकर्त्यांसाठी मालवेअर काढण्याची मोफत साधने मिळतात. ती पुण्यातील क्विक हीलसह काही भारतीय कंपन्यांनी उपलब्ध करून दिली आहेत. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

प्रतिकाराचे प्रयत्न

६ फेब्रुवारी २०२० च्या सुमारास इमोटेटने संगणकात स्वतःची नोंद ठेवण्याची पद्धत बदलली. बायनरी डिफेन्सचे संशोधक जेम्स क्विन यांना या नव्या पद्धतीत एक दोष सापडला. रजिस्ट्रीत विशिष्ट जागी जाणूनबुजून मोठा मजकूर ठेवल्यास स्थापना सुरू होताच इमोटेट कोसळत असे. त्यांनी तशी नोंद करणारी छोटी आज्ञावली लिहिली. ती म्हणजे एक प्रकारची लसच होती. तिची जाहिरात केली असती तर चालकांनी दोष लगेच दुरुस्त केला असता. म्हणून टीम सिमरू या संस्थेच्या मदतीने ती निरनिराळ्या देशांच्या प्रतिसाद पथकांमार्फत गुपचूप वाटण्यात आली. ऑगस्ट २०२० मध्ये चालकांनी दोष काढून टाकेपर्यंत सुमारे सहा महिने ती उपयोगी पडली.

जुलै २०२० मध्ये आणखी एक चमत्कारिक प्रकार घडला. इमोटेटच्या फाईली ठेवलेल्या संकेतस्थळांत अज्ञात व्यक्तींनी शिरून त्या जागी हलती विनोदी चित्रे ठेवली. त्यामुळे मॅक्रोला परवानगी देणाऱ्या वापरकर्त्याच्या संगणकात ट्रोजनऐवजी चित्र उतरे. ज्या सैल पासवर्डांच्या आधारे इमोटेट इतरांची घरे फोडत होते, तसाच सैलपणा त्याच्या चालकांनी स्वतःच्या साठ्याबाबत दाखवला होता.

२०२१ ची पोलीस कारवाई

२७ जानेवारी २०२१ रोजी नेदरलँड्स, जर्मनी, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, लिथुआनिया, कॅनडा आणि युक्रेन यांच्या यंत्रणांनी युरोपोल व युरोजस्टच्या समन्वयाने इमोटेटचे जगभरातील शेकडो सर्व्हर ताब्यात घेतल्याचे जाहीर झाले. तीन मुख्य सर्व्हरांपैकी दोन नेदरलँड्समध्ये होते. अमेरिकी न्याय खात्याच्या माहितीनुसार १ एप्रिल २०२० ते १७ जानेवारी २०२१ या काळात १६ लाखांहून अधिक संगणक बाधित झाले होते. डच पोलिसांना सुमारे ६ लाख ईमेल पत्ते व पासवर्डांचा साठा मिळाला आणि आपला पत्ता त्यात आहे का, हे पाहण्याची सोय त्यांनी नागरिकांना करून दिली.

सर्व्हर हाती आल्यावर जगभरातील बाधित संगणक आदेशासाठी पोलिसांच्याच यंत्रणेकडे विचारणा करू लागले. पोलिसांनी इमोटेटच्याच वाहिनीने त्यांच्यावर एक फाईल पाठवली. ठरल्याप्रमाणे २५ एप्रिल २०२१ रोजी तिने इमोटेटची सेवा व रजिस्ट्रीतील नोंद काढून टाकली. मधले तीन महिने बाधित संस्थांना आपल्या जाळ्याची तपासणी करता यावी म्हणून ठेवले होते. नागरिकांच्या संगणकात त्यांच्या नकळत पोलिसांनी बदल करावेत का, हा प्रश्न त्यानंतर चर्चिला गेला. हेतू चांगला असला तरी हा अपवाद उद्या कोणत्या कारणासाठी वापरला जाईल, ही शंका निराधार म्हणता येत नाही. या फाईलची मर्यादाही न्याय खात्याने स्पष्ट केली होती : इमोटेटने आधीच आत आणलेले दुसरे मालवेअर ती काढत नव्हती.

पुनरागमन आणि सद्यस्थिती

ही मर्यादा पुढे खरी ठरली. १४ नोव्हेंबर २०२१ च्या सुमारास ट्रिकबॉटने बाधित संगणकांवर एक नवी फाईल उतरू लागली आणि ती इमोटेटची असल्याचे जर्मनीतील जी डेटा कंपनीच्या संशोधकांच्या लक्षात आले. एके काळी ज्याला इमोटेटने पाठीवर वाहून नेले, त्यानेच आता इमोटेटला परत आणले होते.

दरम्यान मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाईलींतील मॅक्रो मुळातच बंद ठेवण्याचे जाहीर केले. थोड्या माघारीनंतर जुलै २०२२ च्या अखेरीस हा बदल लागू होऊ लागला. 'एनेबल कंटेंट'चे सोपे बटण नाहीसे झाल्याने इमोटेटची जुनी युक्ती मोडली. नोव्हेंबर २०२२ मधील फाईलींत वापरकर्त्याला ती फाईल आधी ऑफिसच्या 'टेम्प्लेट्स' फोल्डरमध्ये नेऊन मग उघडण्यास सांगितले जाई, कारण त्या फोल्डरमधील फाईली विश्वसनीय मानल्या जातात. मार्च २०२३ मध्ये तपासणी साधनांना न पेलण्यासाठी ५०० मेगाबाइटहून मोठ्या फुगवलेल्या वर्ड फाईली आणि पाठोपाठ वननोटच्या फाईली वापरण्यात आल्या. त्यानंतर इमोटेटच्या ईमेल मोहिमा थंडावल्या.

मे २०२४ मध्ये युरोपोलच्या समन्वयाने झालेल्या ऑपरेशन एंडगेममध्ये ट्रिकबॉट, आइस्डआयडी व तत्सम वाहक मालवेअरच्या यंत्रणेवर कारवाई झाली. त्याच मोहिमेत तपास यंत्रणांनी इमोटेटमागील 'ऑड' हे टोपणनाव वापरणाऱ्या व्यक्तीविषयी माहिती देण्याचे जाहीर आवाहन केले.